फिक्स पाईपवर सीओटू वेल्डिंग: खालून मारलं की ओघळतं, वरून मारलं की गळतं, मग करायचं काय?

भाऊ, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. ४ इंची सी क्लास (जाड भिंतीचा) काळा पाईप आहे, कूलिंग वॉटरची लाईन, सपोर्टवर टाकून झालीय त्यामुळे पाईप फिरवता येत नाही. मशीन ४०० अँपिअरचं, वायर १.२ मिमीची, गॅस साधा सीओटू. खालून वर मारलं की रस (वितळलेलं मेटल) ओघळतो आणि खाली गोळे लोंबतात, म्हणून तुम्ही वरून खाली मारायला लागलात, बीड (वेल्डची पट्टी) दिसायला एकदम झकास आली, पण हायड्रोला (पाण्याच्या दाबाच्या टेस्टला) ११ जॉईंटपैकी ३ गळले. आणि तुम्ही विचारलंय की सेटिंग सांगा.

सेटिंग सांगतो, पण तुमची खरी अडचण सेटिंगपेक्षा वेगळी आहे असं मला वाटतं. ते ३ जॉईंट गळले म्हणून तुम्हाला कळलं. उरलेले ८ पण त्याच हाताने, त्याच पद्धतीने मारलेत ना? मला काळजी त्या ८ ची आहे.

मी २६ वर्षं हे काम करतोय, सुरुवात शिरोली एमआयडीसीत, नंतर साखर कारखान्यांची ऑफ सीझनची कामं, डेअरीच्या पाण्याच्या लाईनी, स्ट्रक्चर असं सगळं. आपल्याकडे मिगला (गॅसच्या आडोशात सतत पुढे येणाऱ्या वायरचं वेल्डिंग) सगळे सीओटूच म्हणतात म्हणून मी पण तसंच लिहितो.

एक गोंधळ आधी मिटवू. "उभा जॉईंट" म्हटलं की निम्मे लोक उभा पाईप समजतात. पाईप उभा असेल तर जॉईंट आडवा येतो, तो २जी. तुमचा पाईप आडवा आहे, जागेवर फिक्स आहे, म्हणजे जॉईंट उभा, तो ५जी. यात एकाच जॉईंटमधे तीन वेगळी कामं येतात, तळाला ओव्हरहेड, बाजूला व्हर्टिकल, आणि माथ्याला जवळजवळ फ्लॅट. एकाच सेटिंगवर आणि टॉर्चच्या (वायर सोडणाऱ्या वेल्डिंगच्या बंदुकीच्या) एकाच कोनात हे तिन्ही जमवायचं असतं म्हणून हा जॉईंट अवघड. टेबलवर पाईप फिरवून छान मारणारा माणूस इथे अडतो आणि त्याला वाटतं मशीन बिघडलंय.

आता वरून खाली मारल्यावर काय होतं ते बघा. सीओटूमधे कमी करंटवर आपण जे मारतो त्याला शॉर्ट सर्किट म्हणतात, वायर रसात बुडते, शॉर्ट होते, थेंब तुटतो, परत आर्क पेटतो, हे सेकंदाला २० ते २०० वेळा होतं. मधल्या मधल्या वेळात आर्क विझलेला असतो म्हणून रस पटकन गोठतो आणि म्हणूनच उभ्या जागेवर मारता येतं. पण त्याच कारणाने उष्णता पण कमी पडते. वरून खाली येताना रस आपल्या वजनाने आर्कच्या पुढे पळतो, मग तुमचा आर्क पाईपच्या कडेवर न पडता आधीच वितळलेल्या रसावर पडतो, आणि रस थंड पाईपवर नुसता पसरतो. वरून चकाचक सपाट बीड, आत कड जशीच्या तशी. याला कोल्ड लॅप म्हणा, लॅक ऑफ फ्युजन म्हणा. रॉड वेल्डिंगमधे चूक झाली तर बहुतेक वेळा डोळ्याला दिसते, स्लॅग (वेल्डवर जमणारी खपली) अडकतो, खड्डा पडतो. सीओटू मात्र खराब वेल्डवर पण सुंदर बीड घालून देतं.

माझ्याकडे हे घडलेलं आहे. एका कारखान्यात पंपाच्या डिस्चार्जची ६ इंची लाईन आम्ही घाईत वरून खाली मारली, सीझन तोंडावर होता. हायड्रो पास झाली, सगळ्यांनी सही केली. पंप चालू झाल्यावर दोन महिन्यांत पंपाजवळचा एक जॉईंट अर्ध्या घेरात उघडला. तो तुकडा कापून आणला आणि छिन्नी लावली तर बीड अख्खी सुटून आली, भिंतीवरचा रंगाचा पापुद्रा निघतो तशी, आणि खाली बेव्हलवर (पाईपच्या तोंडाला दिलेल्या उतारावर) ग्राइंडरच्या रेघा तशाच दिसत होत्या. रेघा वितळल्यासुद्धा नव्हत्या. नशीब की पाणी होतं, कोणाला लागलं नाही. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या पोरांना मी हेच दाखवतो, कापा आणि आत बघा. हायड्रो साधारण दीडपट प्रेशरला करतात आणि ती गळती सांगते, आतला जोड किती धरलाय ते सांगत नाही, आणि पंपाची थरथर हायड्रोत कुठे असते?

म्हणून माझं मत, ५ मिमीच्या आसपास आणि त्यापुढच्या भिंतीला खालून वर. सी क्लास ४ इंचीची भिंत ५.४ मिमी असते, म्हणजे तुमचं काम खालून वरचंच आहे. वरून खाली वाईटच असं मी म्हणत नाही, २-३ मिमीच्या ट्यूबला, रेलिंगला तीच पद्धत बरी, भोक पडत नाही. आणि असे कारागीर आहेत जे रूट (जोडाच्या तळाचा पहिला थर) वरून खाली अप्रतिम मारतात, पण ते सरावाचे लोक असतात, गॅप नेमका ठेवतात, आर्क रसाच्या अगदी पुढच्या टोकावर ठेवतात, आणि वरचा पास (थर) खालून वरच घेतात. एएसएमई सेक्शन ९ (वेल्डिंगच्या परीक्षांचं अमेरिकन पुस्तक) मधे पण खालून वर आणि वरून खाली या वेल्डरच्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, एकीत पास म्हणजे दुसरीत पास धरत नाहीत. आणि शॉर्ट सर्किट सीओटूच्या टेस्ट पीसला एक्सरेवर पास करत नाहीत, बेंड करूनच बघतात, कारण हा पापुद्र्यासारखा दोष एक्सरेला सहज चुकवतो. एवढं मोठं पुस्तक या एका प्रोसेसवर एवढा संशय घेतं, तर आपण पण घ्यावा.

आता ओघळण्याकडे येतो. खालून वर जाताना खाली गोठलेलं मेटल हा तुमचा कट्टा असतो, नवा रस त्या कट्ट्यावर बसतो. कट्टा गोठायच्या आत वर रस ओतला की सगळं खाली येणार. तुम्ही सेटिंग लिहिलेलं नाही, पण १.२ वायर आणि गोळे लोंबतायत म्हटल्यावर माझा अंदाज आहे की तुम्ही १८०-२०० अँपिअर, २३-२४ व्होल्टवर आहात, म्हणजे टेबलवर फ्लॅट मारायचं सेटिंग. तिथे शॉर्ट सर्किट राहत नाही, मोठे मोठे थेंब पडायला लागतात, आणि मोठा थेंब उभ्या भिंतीवर कोणाच्याही हातात थांबत नाही.

माझं सेटिंग सांगतो. १.२ वायर, साधा सीओटू, खालून वर: ११० ते १३० अँपिअर, १८ ते १९.५ व्होल्ट. ०.८ वायर असेल तर ९० ते ११० अँपिअर आणि १७.५ ते १८.५ व्होल्ट. आर्गॉन-सीओटू मिक्स गॅस असेल तर व्होल्ट एक-दीडने कमी करा. ४ इंचीसाठी मी १.२ पेक्षा ०.८ किंवा १.० पसंत करतो, १.२ या करंटला अगदी तळाशी चालते, थोडी अडखळते, पण नसेल दुसरी तर १.२ वर पण होतं, मी कित्येक जॉईंट मारलेत. इंडक्टन्सचा नॉब असेल तर मधे ठेवून सुरुवात करा, छर्रे जास्त उडत असतील तर थोडा वाढवा, रस फार पातळ वाटला तर कमी करा. हे आकडे म्हणजे सुरुवात आहे. मशीनचा मीटर खरा दाखवतोच असं नाही, केबल २०-२५ मीटर लांब असेल तर व्होल्ट वाटेत पडतो, जनरेटरवर असाल तर अजून वेगळं. कानाने ओळखा, तव्यावर काहीतरी एकसारखं तडतडतंय असा आवाज आला पाहिजे. भस्स भस्स करत मोठे थेंब पडत असतील तर व्होल्ट जास्त, आणि वायर पाईपला टोचून टॉर्च हाताला मागे ढकलत असेल तर व्होल्ट कमी किंवा वायर स्पीड जास्त.

वायर टिपच्या (टॉर्चच्या तोंडातल्या छोट्या नळीच्या) बाहेर किती ठेवता तेही बघा. टिपपासून कामापर्यंत १० ते १२ मिमी, जास्तीत जास्त १५. पाईपच्या गोलाईवर हात फिरवताना टॉर्च नकळत लांब जातो आणि लांब गेला की करंट आपोआप पडतो, तुम्हाला वाटतं सेटिंग तेच आहे पण तिथे जोड थंड बसतो. बाजूच्या भागात कोल्ड लॅप सापडण्याचं हे एक मोठं कारण मी बघितलंय.

फिटअपवर मी जास्त वेळ घालवतो आणि तुम्ही पण घाला, कारण रूट बिघडला तर वर कितीही छान कॅपिंग (शेवटचा वरचा थर) करा, उपयोग नाही. दोन्ही तोंडांना बेव्हल असा की दोन्ही मिळून ६० ते ७० अंश होतील. नाक (बेव्हलच्या तळाशी राखलेली सपाट कड) १ ते १.५ मिमी, गॅप २.५ ते ३ मिमी. गॅपसाठी आम्ही अडीचचा रॉड सोलून वाकवून मधे घालतो, सोपं पडतं. बेव्हलच्या आत आणि बाहेर इंचभर पाईप चकचकीत होईपर्यंत ग्राइंडर मारा, काळा थर, रंग, तेल काही ठेवू नका. लाईनमधे कुठे जीआय पाईप जोडत असाल तर जस्त पूर्ण काढा, नाहीतर ब्लो होल (वेल्डमधे गॅसची भोकं) तर येतातच, शिवाय त्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. चार टॅक (जोड जागेवर धरणारे छोटे वेल्ड) मारा, १५-२० मिमी लांबीचे, पूर्ण आतपर्यंत गेलेले, आणि त्यांची दोन्ही टोकं ग्राइंडरने उताराची करा. बहुतेक लोक हे करत नाहीत. टॅकचं टोक उभं राहिलं की बीड तिथे चढते पण त्या कोपऱ्यात वितळत नाही, आणि गळती बरोबर टॅकच्या काठाला सापडते. तुमचे ते ३ जॉईंट कुठे गळले ते बघा, टॅकच्या जागी किंवा तुम्ही जिथे थांबून परत सुरू केलं तिथे असण्याची शक्यता बरीच आहे.

मारताना पाईपकडे घड्याळासारखं बघा. बरोबर ६ वर सुरू करू नका, पलीकडच्या बाजूला साडेसहाला सुरू करा आणि ६ ओलांडून ३ कडे वर या, म्हणजे दुसरी बाजू मारताना जोड एकमेकांवर चढतात. वर पण १२ वर थांबू नका, साडेअकरापर्यंत जा. सगळ्या स्टार्टिंग आणि स्टॉपची टोकं दुसरी बाजू घ्यायच्या आधी ग्राइंडरने उतरती करा. टॉर्च कायम पाईपच्या मध्याकडे बघत राहिला पाहिजे, म्हणजे त्या जागी पाईपला काटकोनात, आणि फक्त ५ ते १० अंश जायच्या दिशेला झुकलेला. जसं वर चढाल तसं मनगट आणि कोपर फिरत गेलं पाहिजे. इथे बहुतेकांचा हात अडकतो, ३ वाजेपर्यंत कोन बरोबर असतो आणि मग हात संपतो. म्हणून आधी आर्क न पेटवता टॉर्च हातात घेऊन पूर्ण अर्धा फेरा मारून बघा, अंग कुठे अडतंय, केबल कुठे ओढते, शिडी सरकवायला लागते का. एका दमात जमत नसेल तर ३ वर ठरवून थांबा, ग्राइंड करा, उभं राहायची जागा बदला, मग पुढे. ठरवून थांबलेला स्टॉप चांगला, हात थरथरून तुटलेला वाईट. केबलचं वजन खांद्यावर घ्या.

रूटला वायर रसाच्या पुढच्या काठावर ठेवा आणि दोन्ही नाकांवरून अगदी छोटा झोका द्या, एका नाकावरून दुसऱ्यावर. वायर उघड्या गॅपमधून आत गेली की तिचे तुकडे न वितळता आत काट्यासारखे उभे राहतात, पाण्याच्या लाईनीत ते सुटून पुढे व्हॉल्व्हमधे नाहीतर पंपात जातात. टक टक असा आवाज येऊन आर्क क्षणभर गेला की समजा वायर आत गेली. गॅप ३ च्या वर असेल तर असं जास्त होतं. तळाला ६ ते ५ च्या भागात हात जरा चटचट चालवा आणि टॉर्च जवळ ठेवा, तिथे रस तुमच्या अंगावर यायला बघतो. मधल्या ४ ते २ मधे कट्ट्याकडे लक्ष. आणि १ वाजल्यापासून वर पाईप तापलेला असतो, रस मोठा होतो, तिथे वेग वाढवा नाहीतर आत ठिबकतो. (कानात बोळे आणि गळ्यापर्यंत बंद कॉलर, ओव्हरहेडला हे विसरू नका, कानात गेलेला छर्रा फार वाईट.)

रूट झाल्यावर तपकिरी काचेसारखे छोटे ठिपके दिसतात, ईआर ७०एस-६ वायरमधल्या सिलिकॉनचे ते. स्लॅग नसतो म्हणून लोक साफ करत नाहीत, पण ते पुढच्या पासखाली अडकतात. वायर ब्रश मारा, बीडला मधे पोट आलं असेल तर ग्राइंडरने सपाट करा, कारण पोट आणि बेव्हल यांच्या मधल्या अरुंद खाचेत पुढचा पास वितळत नाही.

५.४ च्या भिंतीला रूटवर एक कॅपिंग पुरतं. त्यात हात असा: डाव्या कडेला थांबा, मनात "एक" म्हणा, मधून झपकन उजवीकडे, तिथे "एक" म्हणा, आणि प्रत्येक वेळी अगदी थोडं, वायरच्या जाडीएवढंच वर. मधे रेंगाळलात की तिथे रस साचतो, पोट येतं, मग ओघळतं. कडेला थांबला नाहीत तर अंडरकट, म्हणजे कडेला खाच. नजर आर्कवर नको, आर्कच्या मागच्या रसाच्या काठावर ठेवा, तो कट्टा सपाट आणि आडवा दिसला पाहिजे. तो मधे खाली झुकायला लागला की ओघळायच्या आधी दीड-दोन सेकंद मिळतात, तेवढ्यात झोका अरुंद करून वर सरका.

मशीनकडे पण एकदा बघा, कारण बऱ्याच वेळा माणूस स्वतःला दोष देतो आणि बिघाड लायनरमधे (केबलच्या आतली वायरची नळी) असतो. वायर झटके देत येत असेल तर लायनर हवेने साफ करा नाहीतर बदला, टिपचं भोक लांबट झालं असेल तर टिप बदला, नोझलमधले छर्रे काढा. गॅस मिनिटाला १२ ते १५ लिटर, सीओटूच्या रेग्युलेटरला हीटर चालू आहे ना बघा, नाहीतर बर्फ धरून गॅस मधेच कमी होतो. उघड्यावर काम असेल तर वाऱ्याला आडोसा करा, गॅस नुसता वाढवून वारा थांबत नाही.

सॉलिड वायरनं जमेचना किंवा पुढे ८-१० मिमीची जाड पाईप आली तर कॅपिंगला फ्लक्स कोअर वायर वापरून बघा, ई७१टी-१. तिचा स्लॅग रसाला खालून धरतो, त्यामुळे जास्त करंटवर पण खालून वर आरामात जाता येतं आणि कड चांगली वितळते. महाग आहे, धूर जास्त आहे, आणि ती वरून खाली कधीच मारायची नाही, स्लॅग आत गुंडाळला जातो. रूटला मात्र ती नको. रूटबद्दल खात्री हवी असेल आणि मालक खर्च करत असेल तर रूट आर्गॉनने, म्हणजे टिगने, आणि वर सीओटू, हे सगळ्यात निवांत. आणि वाफेची लाईन कोणी दिली तर प्रश्नच वेगळा, साडेतीन किलोच्या वर प्रेशर असेल तर ती आयबीआरमधे (बॉयलरच्या सरकारी नियमांत) येते, तिथे सर्टिफिकेटवाला वेल्डर आणि मंजूर प्रोसीजर लागते, "पाण्याची केली तशीच करू" म्हणून हात घालू नका.

सरावासाठी त्याच पाईपचे चार-पाच इंचाचे तुकडे घ्या, टॅक करून छातीच्या उंचीला आडवे फिक्स करा आणि खालून वर मारा. मग तळ, बाजू आणि माथा यातून दीड दीड इंच रुंद पट्ट्या कापा, कॅप आणि रूट सपाट ग्राइंड करा, आणि व्हाईसमधे धरून वाकवा, काही रूट बाहेर येईल असे, काही कॅप बाहेर येईल असे. ३ मिमीपेक्षा मोठी फट उघडली तर नापास. पहिल्या दोन-तीन तुकड्यात बाजूची पट्टी तुटेल, तुटू दे, तुटलेल्या तोंडावर ग्राइंडरच्या रेघा दिसतात का बघा. दिसल्या तर आर्क कडेवर पोचला नाही. माझ्याकडच्या मुलांना साधारण १५-२० तुकडे लागतात, काहींना जास्त.

थोडक्यात, करंट १२० च्या आसपास आणा, खालून वर जा, कडेला थांबा, टॅकची आणि स्टॉपची टोकं उतरती करा, आणि पट्टी वाकवून बघितल्याशिवाय लाईनला हात लावू नका.

आता लाईनवरचे जॉईंट. गळणारे ३ आहेत त्यावर वरून अजून एक बीड मारून गळती बंद करू नका, तसं केलं तर फक्त वरचं भोक बुजतं. पाणी पूर्ण काढा, आत ओल राहिली तर ब्लो होल येणार, आणि जॉईंट कटिंग व्हीलने पूर्ण घेरात उघडून परत बेव्हल करून मारा. उरलेल्या ८ मधला एक जॉईंट, शक्यतो पंपाच्या सगळ्यात जवळचा, सुपरवायझरला सांगून कापून घ्या आणि पट्ट्या वाकवा. तो टिकला तर बाकीच्यांबद्दल थोडा भरवसा धरता येईल, पापुद्रा निघाला तर सगळे परत करायला लागतील. सुपरवायझर कुरकुर करेल, त्याला तुटलेली पट्टी हातात द्या. आणि हे सगळं लाईन रिकामी आहे तोवर उरका, पंप सुरू झाल्यावर तुम्हाला कोणी ती बंद करून देणार नाही.